तीर्थलालच्या सॅकचं प्रस्थान

पूर्णकाजीच्या घरचं भोज होतं, ऐलाची, म्हणजे घरच्या दारूची, चौथी वाटी पोटात गेली होती आणि तीर्थलाल मानंधर बोलून गेला. ऐला पोटात असताना माणूस जे बोलतो ते दुसऱ्या दिवशी कोणी धरून बसत नाही, असा आमच्या पाटणचा रिवाज आहे. पण पूर्णकाजी हा तीर्थलालच्या बायकोचा भाऊ, आणि बायकोच्या भावाला कुठलाच रिवाज लागू नसतो.

"भिनाजू," पूर्णकाजी पंगतीच्या त्या टोकाहून म्हणाला होता, "जनैपूर्णिमेच्या स्नानाला आम्ही सात जण वर डोंगरात गोसाइँकुंडाला निघालोय. तुम्हीपण चला की. दोन भरिये करू. एक तुमचं सामान उचलेल, दुसरा तुम्हाला."

पंगत हसली. वाढपीसुद्धा हसला. तीर्थलालने वाटी खाली ठेवली.

"मला भरिया लागत नाही. माझी सॅक माझ्या पाठीवर घेऊन मी कुंडापर्यंत चढेन. कोणाला बोट लावू देणार नाही."

चिउरा वाढत असलेली त्याची बायको नानीमैया क्षणभर थांबली, तिने त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुढच्या पानाकडे वळली. ती सहसा काही म्हणत नाही, आणि तीर्थलाल त्याला संमती समजतो.

आता हा तीर्थलाल म्हणजे एका जागी बसूही न शकणारा आणि कुठे जाऊही न शकणारा माणूस. खानेपानी कार्यालयातल्या, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या कचेरीतल्या, आपल्या खुर्चीतून तो दर सात मिनिटांनी उठतो, खिडकीशी जातो, काही दिसत नाही म्हणून परत येतो आणि पाय हलवत बसतो. पाय इतका हलतो की शेजारच्या टेबलावरचा चहा बशीत उतरतो. पण बावन्न वर्षांत हे पाय खोऱ्याबाहेर गेले ते फक्त दोनदा, दोन्ही वेळा वऱ्हाडाबरोबर, आणि दोन्ही वेळा वाटेत बस थांबवावी लागली. नाव तीर्थलाल, तीर्थ एकही नाही. हे घरांच्या मधल्या चोकातली पोरंसोरंही बोलून दाखवायची. त्यामुळे सकाळी ऐला उतरली तरी शब्द काही उतरला नाही.

पहिली अडचण अशी, की पाठीवर घ्यायची म्हणालेली सॅक त्याच्याकडे नव्हती. होती ती एक ब्रीफकेस.

चोकात बातमी फुटल्यावर सल्ले यायला लागले. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं, हिरवी घेऊ नका, जळवांना घरच्यासारखं वाटतं. न्हाव्याने सांगितलं, मोठी घ्या, परत येताना लोक काय काय आणतात. कोणाचा तरी जावई ऑस्ट्रेलियाहून आला होता, तो म्हणाला, पासष्ट लिटरची बघा. लिटर हा शब्द ऐकून तीर्थलालला हुरूप आला. सव्वीस वर्षांच्या नोकरीचा अखेर उपयोग होत होता. "पासष्ट लिटर म्हणजे मोठ्या तीन घागरी," तो म्हणाला, आणि गळत नाही ना हे कसं तपासायचं, असं त्याने त्या जावयाला मनापासून विचारलं.

खरी आग लावली ती निवृत्त शिक्षक रत्नमान सरांनी. "बाहेरून सगळ्याच सॅका देखण्या," ते म्हणाले. "दुकानात गेलास की आधी ती उलटी कर. आतली शिवण बघ, दोरे लोंबतात का बघ. मग चेन पन्नास वेळा उघड, मिट. लाजायचं नाही."

लाजणं तीर्थलालच्या स्वभावात होतं, पण नोकरीत नव्हतं. सलग तीन दिवस कचेरी सुटल्यावर तो ठमेलच्या दुकानांत गेला आणि त्याने एकूण चौदा सॅका उलट्या केल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. एक दुकानदार म्हणाला, "हजुर, घ्यायचीय, की धार काढायचीय?" पाचव्या दुकानात चेन त्रेचाळिसाव्या खेपेला हातात आली.

"पन्नास वेळा चालायला हवी होती," तीर्थलाल म्हणाला.

"कुंडाला जाऊन येईपर्यंत माणूस वीस वेळा उघडत नाही," दुकानदार म्हणाला. "तुम्ही दोन वर्षांचं दुकानातच उघडलंत." मग तो जरा निवळला, म्हणजे थकला, आणि त्याने समोरच्या गल्लीकडे बोट दाखवलं. "हे बघा, इथल्या निम्म्या सॅका कर्णबहादुर मास्टर शिवतो. त्याच्याकडे जा. त्याला छळा."

दुसऱ्या दिवशी शनिवार, सुट्टी. येताना भाजी घ्यायची म्हणून नानीमैयाही बरोबर निघाली. मास्टरचा कारखाना तिसऱ्या मजल्यावर. वर जाईपर्यंत तीर्थलालला धाप लागली, पण त्याने ती जिन्यातच संपवली आणि मग आत गेला. चार मशिनं खडखडत होती, फोमचा चुरा उडत होता आणि कर्णबहादुर परियार पुठ्ठ्याचे तुकडे कापडावर ठेवून खडूने आखत होता. तीस-पस्तीस वर्षं सॅका शिवून त्याच्या पाठीला जो बाक आला होता तो कुठल्याच सॅकला शोभला नसता.

"उलटी करायची असेल तर करा," तो मान वर न करता म्हणाला. दुकानदाराचा फोन येऊन गेला होता.

पण माणूस कामाचा होता. त्याने कापड हातात दिलं, नखाने ओढायला लावलं, आतला लेप दाखवला. बूड दुहेरी का, पाठीकडचा फोम अंगठ्याने दाबला की लगेच वर का आला पाहिजे, हे सगळं सांगितलं. खांद्याचा पट्टा पाठीला मिळतो त्या बोटभर जागेवर एकावर एक बेचाळीस टाके होते. "सॅक फाटते ती इथे. दुकानात कोणी इथे बघत नाही, सगळे खिसे मोजतात."

"खिसे किती?" तीर्थलालने विचारलं.

मास्टरने गळ्यातली टेप काढली. "आणि ओझं खांद्यावर घ्यायचं नसतं, हजुर. ओझं बसतं कमरेवर. खांद्यांनी ते फक्त मागे कलू द्यायचं नाही. म्हणून पाठीचं माप लागतं. मानेखालचं हे टेंगळासारखं हाड, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत. ते चुकलं तर सोन्याची सॅक शिवा, काही उपयोग नाही. उभे राहा सरळ."

तीर्थलाल सरळ उभा राहिला. मास्टरने टेप लावली आणि तीर्थलाल खिडकीकडे वळला, कारण खाली कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. माप आलं पंधरा इंच. पुन्हा लावली, तर फोन खणखणला. अठरा. तिसऱ्यांदा, माप नीट लागतंय ना ते बघायला तो स्वतःच मागे वळला, आणि टेप मास्टरच्या मनगटाला गुंडाळली गेली.

"एकदा एका फ्रेंच माणसाला ताप होता, झोपल्या जागी त्याचं माप घेतलं," मास्टर म्हणाला. "ते सोपं गेलं. दिदी, तुम्ही या इकडे. उंची दोघांची सारखीच दिसते."

"म्हणजे? तिची पाठ आणि माझी पाठ एकच?"

"संसार किती वर्षांचा?"

"सव्वीस."

"मग झालं तर."

नानीमैया पिशवी खाली ठेवून उभी राहिली. हलली नाही. मास्टरने एकदाच टेप लावली, आकडा पुठ्ठ्यावर लिहिला आणि "माप द्यावं तर असं," असं पुटपुटला. तीर्थलाल तोवर लेबलांच्या डब्यात गुंतला होता. मास्टरकडे पाच-सहा देशांची लेबलं होती, हवा तो देश सॅक तयार झाल्यावर लावून मिळे. तीर्थलालने डोंगर आणि पक्षी असलेलं निवडलं.

"हा पक्षी कुठला?"

"मलाही माहीत नाही," मास्टर म्हणाला, "पण अजून परत कोणी आणला नाही."

चार दिवसांनी सॅक घरी आली. तीर्थलालने ती रिकामीच पाठीवर चढवून आरशासमोर दोन्ही बाजूंनी पाहिली आणि स्वतःवर खूश झाला. रिकामी सॅक कोणालाही शोभते, हे त्याला त्या वेळी कोणी सांगितलं नाही.

मग रजा. हाकिमांनी अर्ज वाचला, तीर्थाटन या शब्दाखाली रेघ ओढली आणि तीर्थलालकडे संशयाने पाहिलं. "जा. पण भांडाराच्या किल्ल्या बुधवारी लिहून दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या, आणि गुरुवारी निघायचं." इकडे चोकातल्या जोशीबाजेंनी पंचांग उलगडून सांगितलं की उत्तरेला जायला मंगळवारी अकरा सत्तेचाळीसची साइत आहे, म्हणजे शुभ वेळ. त्यानंतर पूर्णिमेपर्यंत एकही नाही. बुधवारी निघणारा पाय मुरगाळून घेईल आणि गुरुवारी निघणाऱ्याबद्दल न बोललेलं बरं.

"मग काय करू? सरकार बुधवार म्हणतं, ग्रह मंगळवार."

"साइत सार. प्रस्थान ठेव," जोशीबाजे म्हणाले. "मंगळवारी सामान घराबाहेर काढ आणि उत्तरेच्या घरात नेऊन ठेव. म्हणजे तू निघालास. मग अंग कधीही जाऊ दे. फक्त गेलेलं सामान परत घरात आणायचं नाही, आणलंस तर साइत मोडली."

चोकात उत्तरेला घर एकच. हीरा निनीचं.

निनी म्हणजे आत्या. ती कोणाचीही आत्या नव्हती आणि सगळा चोक तिला निनी म्हणत असे. तीर्थलालशी तिचं तीन वर्षं बोलणं नव्हतं, कारण त्याची टाकी भरली की तिच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर वाहायची. "खानेपानीवाल्याच्या नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं," ती गच्चीवरून हवेला सांगायची, "आणि येतं ते माझ्या मिरच्यांसाठी." बाकीचे चार दिवस नानीमैया ढुंगेधाऱ्याच्या दगडी तोटीवर रांगेत उभी राहून घागरी भरून आणायची, पण हा मुद्दा भांडणात कोणी काढला नव्हता.

तीर्थलाल सोमवारी तिच्या दारात तीनदा गेला आणि दोनदा परत आला. तिसऱ्यांदा तिनेच दार उघडलं.

"सॅक ठेवते," ती म्हणाली. "तुला नाही ठेवणार. आणि टाकीचा पाइप वळवायचा."

मंगळवारी कचेरीतून डोकं दुखतंय म्हणून तो साडेअकराला घरी आला, हाताला लागेल ते सॅकमध्ये कोंबलं, आणि नवरा-बायकोने ती एकेका बाजूने धरून अकरा सत्तेचाळीसला चोक ओलांडला. जोशीबाजे घड्याळ धरून खिडकीत होते. त्यांनी मान डोलावली. अशा रीतीने तीर्थलाल निघाला, आणि परत कचेरीत गेला.

इथून पुढचे दोन दिवस त्याला जमिनीने उभं राहू दिलं नाही. अर्ध्या तासात आठवलं, लोकरीची टोपी राहिली. पळत निनीकडे. मग पोटाच्या गोळ्या. मग दुसरा चष्मा. मग आठवलं की टोपी आधीच घातली होती, आता दोन झाल्या. एक काढायला गेला तर निनी सॅकच्या बाजूला पेंढ्याची सुकूल टाकून बसलेली. साइतेची राखण तिने अंगावरच घेतली होती.

"घालायचं तर घाल. काढायचं नाही. निघालेलं माणूस मागे फिरतं का?"

"पण टोपी..."

"दोन घाल डोक्यावर."

बुधवारी कचेरीत किल्ल्या ताब्यात द्यायची वेळ आली आणि तीर्थलालला घाम फुटला. किल्ल्या सॅकच्या वरच्या खिशात होत्या. तो चोकात धावला. निनी हलेना. शेवटी जोशीबाजेंना खाली बोलवावं लागलं. त्यांनी विचार करून निर्णय दिला की सरकारी किल्ली हे यात्रेकरूचं सामान नव्हे, सबब तिला साइत लागत नाही, सबब ती बाहेर येऊ शकते. इतका स्वच्छ निर्णय तीर्थलालने कचेरीत सव्वीस वर्षांत पाहिला नव्हता.

तो किल्ल्या घेऊन गेला आणि त्याच्या पाठीमागे चोक निनीच्या घरी लोटला. कुंडाला कोणी निघालं की आपली भेट त्याच्या हाती पाठवायची असते, आणि जाणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. रत्नमान सरांनी नारळ दिला. न्हाव्याने नारळ दिला. औषधवाल्याच्या आईने पितळी त्रिशूळ दिला, जड होता. कोणी तूप, कोणी अक्षता, कोणी कुंडाच्या पुजाऱ्याला घोंगडी. निनीनेही मागे न राहता वाळक्या मिरच्यांची पिशवी घातली, देवाला नाही, वाटेत भाताबरोबर खायला. संध्याकाळी तराजूवर सॅक एकोणीस किलो भरली. तीर्थलालने ते ऐकलं आणि त्याचा पाय जास्तच हलायला लागला.

गुरुवारी सकाळी पूर्णकाजी बसथांब्यापर्यंत न्यायला गाडी घेऊन चोकात हजर. अख्खा चोक पायऱ्यांवर. तीर्थलालने सॅक निनीच्या ओट्यावर उभी केली, पट्ट्यांत हात घातले, देवाचं नाव घेतलं आणि उठला.

म्हणजे उठायला लागला. नानीमैयाची पाठ त्याच्यापेक्षा दोन इंच लांब निघाली. कमरेचा पट्टा कमरेला न बसता खाली उतरला, एकोणीस किलोंनी खांद्यांना मागे ओढलं, आणि तीर्थलाल आभाळाकडे पाहत सॅकसकट ओट्यावर बसला. कमरेत कट्‌ असं वाजलं. ते चोकभर ऐकू गेलं असं त्याला वाटलं, आणि गेलंही होतं.

"भिनाजू, तसेच राहा," पूर्णकाजी खिशातून फोन काढत म्हणाला. "भरियांना बोलावतो. दोघांनाही."

"हात लावू नको," तीर्थलाल आभाळाला म्हणाला. त्याला रडू येत होतं. उद्या कचेरीत, परवा भोजात, जन्मभर चोकात हे ऐकावं लागणार होतं.

"सॅक परत घरात जाणार नाही," निनीने बजावलं. "सांगून ठेवते."

जोशीबाजे खिडकीत दात घासत होते. "प्रस्थान सॅकचं ठेवलंय," ते चूळ भरून म्हणाले. "ती कोणाच्या पाठीवरून जाते ते पंचांग विचारत नाही."

नानीमैया घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या पायात कापडी बूट होते. नव्याने घेतलेले नव्हते, पण वापरलेलेही नव्हते, आणि तीर्थलालने ते आयुष्यात पाहिले नव्हते. तिने घराची किल्ली निनीच्या हातात दिली, नवऱ्याचे हात पट्ट्यांतून सोडवले, खाली वाकून सॅक पाठीवर घेतली, बक्कल लावलं आणि उभी राहिली. कमरेचा पट्टा जिथे बसायचा तिथे बसला. एकही पट्टा ओढावा लागला नाही.

"चला," ती म्हणाली. "बस जाईल."

तीर्थलाल कमरेला बाम चोळून, हातात पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागून निघाला. मनात त्याने हिशेब बसवला होता: हे तात्पुरतं आहे. धुन्चेला राष्ट्रीय उद्यानाचं गेट लागतं, तिथून चढ सुरू होतो. गेटाच्या आधी सॅक आपण घ्यायची. गेटावर पूर्णकाजी सगळ्यांचे फोटो काढणार, फोटोत ती आपल्या पाठीवर दिसली की झालं. पुढचं पुढे.

बसमध्ये नानीमैया खिडकीशी बसली. नुवाकोटच्या वळणांवर तीर्थलालने पोट धरून तिला विचारलं, "बूट कधी घेतलेस?"

"तीन वर्षं झाली."

"कशाला?"

"कुंडाला जायला."

"मला कधी बोलली नाहीस."

"लग्नाच्या वर्षी बोलले होते. तुम्ही म्हणालात, पुढच्या वर्षी." तिने भाजलेल्या मक्याचं कणीस मोडून अर्धं त्याच्या हातात दिलं. "मग आठ-दहा वर्षं विचारत होते. नंतर दरवर्षी तेच काय विचारायचं? म्हटलं, बूट तरी घेऊन ठेवू."

ती रागाने बोलत नव्हती, त्यामुळे भांडायला जागाच नव्हती. तीर्थलालला आठवेना. लग्नाचं वर्ष आठवेना, तिचं विचारणं आठवेना, पुढच्या वर्षी म्हटलेलंही आठवेना. आणि भोजात मोठ्या आवाजात कुंडाला जाईन म्हणताना ही दोन हातांच्या अंतरावर चिउरा वाढत होती, तिला तूही चल असं म्हणायचं सुचलंसुद्धा नव्हतं. त्याला लाज वाटली. कमरेपेक्षा जास्त दुखली. त्रिशूलीपर्यंत त्याचा पाय हलला नाही.

धुन्चेचं गेट दुपारी आलं. सगळे उतरून रांगेत उभे राहिले, पूर्णकाजीने फोन काढला. तीर्थलालला ठरलेलं आठवलं, पण ते तोंडातून निघेना. नानीमैयालाच ते कळलं असावं. सव्वीस वर्षांत तिला न कळलेलं त्याने काही ठेवलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "घ्या तुम्ही इथून. फोटोपुरती. मी पुढे परत घेईन." आणि तिने कमरेच्या बक्कलाला हात घातला.

एवढ्यात गेटावरचा शिपाई काठी टेकत पुढे आला. "ही मोठी सॅक कोणाची?"

पूर्णकाजी हसत तीर्थलालकडे पाहत होता. त्याचे सहाही सोबती पाहत होते. नानीमैया म्हणाली, "ह्यांची. मी जरा धरलीय."

"नाही," तीर्थलाल म्हणाला. आवाज भोजातल्यापेक्षा लहान होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "सॅक हिची आहे. कुंडाला ही निघालीय. मी हिच्याबरोबर आलोय."

शिपायाने त्याच्या हातातल्या बाटलीकडे पाहिलं, मग सॅक नानीमैयाच्या पाठीवरच वरून खालून चाचपली. तिची बोटं अजून बक्कलावर होती.  तिने पट्टा आणखी एक बोट आवळला आणि चढाला लागली.